शहरभर रामभाऊंची चाल

भिवपुरीजवळच्या बौद्धवाडीतली अपेक्षा पुण्याला गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली, तेव्हा ती नेमकं काय करते हे घरात कुणालाच नीट उमगलं नव्हतं. आई, पारूबाई, शेजारणींना सांगायची की पोरगी कार्टून काढते. अपेक्षानं ते कधी दुरुस्त केलं नाही.

तिचं काम माणसं चालवायचं होतं. कंपनी एका अफाट शहराचा गेम तयार करत होती. त्यातला नायक उडायचा, भिंती फोडायचा, गाड्या उचलून भिरकावायचा, आणि खेळणारा त्याला घेऊन वाटेल त्या गल्लीत शिरू शकायचा. नायकावर काम करणारी मंडळी वेगळी होती. अपेक्षाच्या वाट्याला आली होती रस्त्यानं जाणारी-येणारी साधी माणसं. सुट्टीला घरी आली की ती कर्जतच्या बाजारात एका कडेला उभी राहून लोकांचे पाय बघत राहायची. कोण टाच घासतं, कोण वजन एका अंगाला टाकतं, पिशवी जड झाली की खांदा कसा उतरतो, हे सगळं डोळ्यांत भरून घ्यायची.

अशाच एका सुट्टीत तिनं वडिलांना, रामभाऊंना, चालून दाखवायला सांगितलं. रामभाऊंनी उमेदीची सगळी वर्षं माथेरानच्या एका हॉटेलात काढली होती. पाहुण्यांच्या बॅगा डोक्यावर घेऊन ते लाल मातीची वाट चढायचे. एका पावसाळ्यात ओझ्यासकट घसरले आणि उजवा पाय मोडला. हाड जुळलं, पण पाय जरा आखूड राहिला. तेव्हापासून उतार किंवा पायरी आली की ते थांबत, मांडीवर हात टेकत आणि मगच पाऊल टाकत.

"सरळ चालणारं कुणी गावलं नाय का तुला?" त्यांनी विचारलं.

सरळ चालणारे ढिगानं मिळतात, असं ती म्हणाली. मग ते आत गेले आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. अंगणात अपेक्षा मोबाईल धरून उभी राहिली. पहिल्या खेपेला त्यांनी लंगडणं लपवायचा आटापिटा केला. तिनं त्यांना थांबवलं आणि रोज चालता तसं चाला म्हणाली. दुसऱ्या खेपेला ते तसे चालले.

त्या चालीवरून तिनं गेममधल्या बाजारातला एक म्हातारा उभा केला. फुटपाथच्या कडेला येऊन तो थांबायचा, मांडीवर हात ठेवायचा आणि हळूच खाली उतरायचा. ऑफिसातली माणसं येता-जाता तिच्या खुर्चीमागं उभी राहून त्याला बघायची. हे आपल्याला जमलं, असं तिला मनापासून वाटलं.

गेम बाजारात आणायची तारीख जाहीर झाली आणि धावपळ सुरू झाली. बाकीच्या म्हाताऱ्यांच्या चाली तयारच नव्हत्या. वरिष्ठानं सांगितलं की हीच चाल सगळ्यांना लाव. एका माणसाचं लंगडणं सगळ्या शहराला कसं लावायचं, असं अपेक्षानं विचारलं. तो म्हणाला, खेळणारा वर उडत असणार, खाली बघायला कुणाला वेळ आहे? तिनं ती चाल सगळ्यांना लावली.

गेम आला आणि लोकांची घोर निराशा झाली. त्यांनी त्याची वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. शहर डोळे दिपवणारं होतं, पण त्यात करण्याजोगं काही नव्हतं. नायकाला एकाहून एक शक्ती मिळायच्या आणि त्या वापरायच्या कशासाठी, तर पुन्हा त्याच गुंडांना बदडण्यासाठी. संध्याकाळभर खेळलं की कंटाळा यायचा. आधी लोक चिडले, मग टिंगल करू लागले. कुणीतरी एक क्लिप टाकली. नायक गच्चीवर उभा, आणि खाली रस्ताभर म्हातारी माणसं एकाच पायानं लंगडत चाललेली, एकाच वेळी थांबणारी, एकाच वेळी मांडीवर हात ठेवणारी. मागं बँडबाजाचा ठेका. ती क्लिप गावोगाव फिरली.

कंपनीनं अपेक्षाच्या विभागाला घरी पाठवलं. ती बॅग घेऊन वाडीत आली. काम संपलं एवढंच तिनं सांगितलं, आणि घरच्यांनी खोदून विचारलं नाही.

धाकटा भाऊ कपिल साजगावच्या एका कारखान्यात होता. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सगळे अंगणात बसले होते, शेजारच्या गोदूबाईही होत्या. कपिलच्या मोबाईलवर कारखान्यातल्या कुणीतरी ती क्लिप पाठवली होती. ती कुठल्या गेमची, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. त्यानं ती सगळ्यांना दाखवली. गोदूबाई तोंडाला पदर लावून हसल्या, पारूबाईही हसली. अपेक्षानं ठेका ऐकूनच ओळखलं.

रामभाऊंनी मोबाईल हातात घेतला आणि क्लिप पुन्हा लावायला सांगितली. शेवटपर्यंत पाहिली. मोबाईल कपिलला परत दिला आणि ते उठून घरात निघाले. अंगणातून पडवीपर्यंत सगळ्यांच्या समोरून चालत गेले. पायरीशी थांबले, मांडीवर हात टेकला. पारूबाईचं हसू तिथंच विरलं. कपिलनं एकदा बापाकडं, एकदा बहिणीकडं पाहिलं आणि मोबाईल खिशात घातला.

त्यानंतर रामभाऊंनी घराबाहेर पडणं सोडलं. दूध आणायला पारूबाई जाऊ लागली. विहारात वंदनेला ते कधी चुकत नसत, तेही बंद झालं. पाय दुखतोय म्हणायचे. अपेक्षा त्यांच्यासमोर ताट ठेवायची आणि मान खाली घालून मागं फिरायची.

एका दुपारी त्यांनीच तिला हाक मारली. "अपे, तो खेळ मला दाव."

तिनं लॅपटॉप उघडला. नायक उडाला, इमारती सर्रकन मागं गेल्या. रामभाऊंना गरगरलं. त्यांनी त्याला खाली उतरवायला सांगितलं. बाजारात एक म्हातारा समोरून आला, फुटपाथच्या कडेला थांबला.

"ह्यो मी हाय."

"हो, बाबा."

ते पडद्याकडं वाकले. मग म्हणाले, "याला हात द्यायचा तर कंचं बटण दाबायचं?"

तसं बटण नव्हतं. अपेक्षाला ते ठाऊक होतं, तरी तिनं एकेक बटण दाबून पाहिलं. नायकानं हवेत ठोसा मारला, शेजारची गाडी उचलली. म्हातारा आपला आपण उतरून गेला.

"एवढी ताकद हाय, आन् हात देता येत नाय," रामभाऊ म्हणाले.

मग तिनं सगळं सांगितलं. चाल एका माणसाला दिली होती, मग सगळ्यांना लावायला सांगितली आणि ती आपणच लावली.

"तवाच नाय म्हनायचं गं."

"म्हटलं होतं. पण एकदाच म्हटलं."

रामभाऊंनी मान हलवली. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. म्हणाले, "चाल उतरवलीस बरोबर. पन ती माजी एकट्याची होती."

त्या संध्याकाळी अपेक्षानं त्यांना विचारलं की क्लिपखाली खरं काय ते लिहू का. ते म्हणाले, लिही, आणि नावही लिही. तिनं लिहिलं की ही चाल माझ्या वडिलांची आहे, त्यांचं नाव रामभाऊ, माथेरानला लोकांचं ओझं वाहताना त्यांचा पाय मोडला. गेम वाईट झाला आहे, त्याला खुशाल हसा. काहींनी माफी मागितली. काही त्यावरही हसले. बहुतेकांनी वाचलंच नाही. कपिलनं मात्र कारखान्यात, ज्यांनी ज्यांनी ती क्लिप पाहिली होती, त्यांना जाऊन स्वतः सांगितलं. त्यातला एकजण पुढं रामभाऊंना भेटायला आला आणि चहा पिऊन गेला.

पुढं अपेक्षाला खोपोलीत काम मिळालं. कामगारांना धोके समजावणाऱ्या छोट्या फिल्म तिथं तयार होत. पगार कमी होता. पण तिथल्या पडद्यावरच्या प्रत्येक माणसाला ती वेगळी चाल द्यायची आणि त्याला वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवायची.

बुद्धपौर्णिमेला रामभाऊ पांढरे कपडे घालून बाहेर आले. कुणी त्यांना आग्रह केला नव्हता. दारातल्या गोदूबाई त्यांना पाहून उभ्या राहिल्या. ते जय भीम म्हणाले आणि विहाराच्या वाटेला लागले. अपेक्षा मागून निघाली. त्यांच्या पायांकडं बघायचं तिला धाडस होईना. म्हणून ती झपाझप पुढं गेली आणि त्यांच्या बाजूनं, त्यांच्याच वेगानं चालू लागली.