खंडेनवमीला विसावलेलं मशीन

तामलवाडीच्या दूध संघात महेश्वरी काय काम करते, असं कुणी विचारलं की तिची सासूही अडखळते. "कंप्युटरचं काहीतरी बघती," एवढं सांगून ती चहाला आधण ठेवते. त्यात सासूची चूक नाही. महेश्वरीचं काम गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं. नळ कोरडा पडला तरच तिची आठवण.

गावोगावच्या केंद्रांवर दूध आलं की त्याचं माप आणि फॅट लगेच संघाच्या सर्व्हरवर चढतं. सर्व्हरची ही मशिनं तीन, आणि तिन्हींवर तीच नोंद. एक आजारी पडलं तरी उरलेली दोन घर चालवतात. मात्र तिघांतल्या दोघांचा होकार असल्याशिवाय नवी नोंद घ्यायचीच नाही, असा त्यांचा नेम.

यंदा या मशिनांची ऑपरेटिंग सिस्टीम बदलणं भाग होतं. जुनीची डागडुजी करणं ती बनवणाऱ्या कंपनीनं थांबवलं होतं. बाहेरच्या एका कंत्राटदारानं दोन दिवस संकलन बंद ठेवायला सांगितलं. बैठकीत सहसा गप्प बसणारी महेश्वरी तेव्हा बोलली. म्हैस काय दोन दिवस थांबणार आहे? एकेक मशीन उतरवू, नवं करू, मागच्या नोंदी त्याला भरून घेऊ देऊ, मगच दुसऱ्याला हात लावू. एका वेळचंही दूध अडणार नाही. अध्यक्ष बलभीमराव म्हणाले, करा. पण एका जरी केंद्रावरून ओरड आली, तर हे सगळं खातं कंत्राटदाराकडं जाईल. सगळं खातं म्हणजे एकटी महेश्वरी, हे कुणी फोडून सांगायला नको होतं.

तिनं नवरात्र निवडलं. निम्मं ऑफिस तुळजापूरच्या वाटेवर असतं, मधे लुडबूड करणारं कुणी नसतं. पहिलं मशीन सुखरूप नवं होऊन सुरू झालं. स्टोअर सांभाळणारे शांतलिंगअप्पा दारात उभे राहून बघत होते. आता लगोलग दुसरं घ्या की, म्हणाले. महेश्वरीनं त्यांना समजावलं, की एकेक बंद ठेवलं तरी चालतं, पण माहेराहून आलेल्या सुनेला घरात मागं काय काय झालं ते आधी कळू द्यावं, मगच दुसरीनं पिशवी भरावी. अप्पांच्या घरी तीन सुना. त्यांना हे इतकं पटलं, की त्यांनी ते दिवसभर सगळ्यांना सांगितलं.

खंडेनवमीच्या दुपारी तिनं दुसरं मशीन उतरवलं आणि आपल्या टेबलाशी येऊन डबा उघडला. पहिला घास तोंडात, तोच जळकोटच्या केंद्रावरून निकिताचा फोन. संध्याकाळच्या दुधाआधी ती नेहमी एक चाचणीची नोंद टाकून बघते.

"ताई, नोंद घेईना झालंय. माणसं यायलेत इथं."

महेश्वरी खरकट्या हातानंच धावली. मशिनांच्या खोलीत उदबत्तीचा घमघमाट. पहिल्या मशीनला झेंडूची माळ, हळदीकुंकवाची बोटं, आणि ते गारठून बंद. समोर अप्पा हात जोडून.

"अप्पा, हे बंद कुणी केलं?"

"म्याच. पूजा केल्यावर हत्यार चालवत न्हाईत, पोरी. दरसाली दाराला कुंकू लावून परत जायचो. औंदा तूच म्हणलीस, एकेक बंद ठेवलं तरी चालतंय. ह्याचं तर कामबी झालंय. म्हणलं, मिळू दे इसावा."

रागवावं तरी कसं? शब्द तर तिचेच होते.

"एक सून माहेरी गेलीय," ती म्हणाली, "अन् दुसरीला तुम्ही निजवलंत. तिसरीनं एकटीनं घर कसं वढायचं, अप्पा?"

अप्पांनी तिसऱ्या मशीनकडं पाहिलं, मग उघड्या पडलेल्या दुसऱ्याकडं.

"मग आज इसाव्याची पाळी ह्याची व्हय?"

"व्हय. ते आधीच निजलंय. त्याला कुंकू लावा. ह्याला उठवू द्या."

घातलेली माळ काढणं मात्र अप्पांच्या जिवावर आलं. ती पहिल्यालाच राहिली. ते बाहेर गेले आणि स्वतःच्या मोटरसायकलच्या हँडलची माळ सोडून घेऊन आले. तोवर पहिलं मशीन घरघरलं, जागं झालं. जोडीला दुसरा होकार मिळताच तिसऱ्यानंही नोंदी घ्यायला सुरुवात केली.

तिनं निकिताला फोन लावला, धास्तावूनच. तिकडं किती ओरडा झाला असेल?

"ओरडा कशाचा?" निकिता हसली. "मशिनीची पूजा चाललीय म्हणलं. सगळे चपला काढून थांबले की."

तिसरं मशीन दसऱ्यानंतर उतरवलं. कुंकवाची वाटी घेऊन अप्पा आधीच हजर होते. पण वाटीत बोट बुडवण्याआधी त्यांनी विचारलं, बाकीची दोघं जागी हायत न्हवं?

पुढच्या बैठकीत बलभीमरावांनी चष्मा पुसत विचारलं, "मॅडम, ते मशिनांचं काम कधी सुरू करताय?"

"झालं की, साहेब," महेश्वरी म्हणाली.