पासपोर्टचं प्रस्थान

मी नोकरीसाठी इंग्लंडला निघाले, त्या दिवशी माझा पासपोर्ट बिलोलीला डोहाळजेवणाला गेला होता.

यात पासपोर्टची काही चूक नव्हती. मी नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात सिस्टर होते. लेक पुण्यात नोकरीला लागली तेव्हा म्हटलं, आता आपली पाळी. इंग्रजीची परीक्षा दिली (दोनदा. पहिल्या वेळी परीक्षकालाच इंग्रजी नीट येत नव्हतं, असं मी घरी सांगितलं), मुलाखत दिली, आणि तिकडच्या एका रुग्णालयानं मला बोलावलं. व्हिसाची हमी त्यांचीच. म्हणजे व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की तोही गेला. ह्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी हजर व्हायची तारीख मी एकदा पुढे ढकलून घेतली होती. आता पुन्हा जमणार नाही, असं त्यांनी फार गोड शब्दांत कळवलं होतं. आणि पंचेचाळिशी उलटलेल्या बाईला दुसऱ्यांदा बोलावतंय कोण?

तिकीट काढलं, आणि सासूबाईंनी पंचांग उघडलं.

“अगं माय, त्या दिवशी अमावस्या हाय!”

“आत्याबाई, विमानाला अमावस्या-पौर्णिमा कळत नाही.”

“त्याला कशाला कळाया पाहिजे? त्याला कुठं नोकरी करायचीय?”

त्यांच्याकडे उपायही होता: प्रस्थान ठेवायचं. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर आपली एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तिथेच सुरू झाला असं धरायचं. आपण मागाहून कधीही निघावं. अट एकच. ती वस्तू पुन्हा आपल्या घरात आणायची नाही, जाताना तिकडूनच उचलायची. मला हे पटलं नाही, पण वाद घालण्यापेक्षा सोपं वाटलं. शिवाय माझं डोकं तेव्हा बॅगेत होतं. खरंच होतं. धपाट्यांचा डबा कुठे बसतो ते मी पाहत होते.

“मंगल, प्रस्थानात काय ठेवायचं?” मागून सासूबाईंचा आवाज.

“ठेवा काहीही.”

“काहीही कसं? जिच्याबिगर तुझं जाणंच व्हणार न्हाई, अशी वस्तू पाहिजे.”

“मग पासपोर्ट,” मी बॅगेतूनच म्हणाले. “दुसरं काय!”

“कुठं हाय त्यो?”

“कपाटात. निळ्या फायलीत.”

एवढं बोलून मी डबा बसवला आणि हा संवाद पार विसरून गेले. वॉर्डातली कुठलीही वस्तू डोळे मिटून काढून देणारी म्हणून माझी ख्याती होती, हे इथं सांगितलेलं बरं. पुढे सांगायला तोंड राहणार नाही.

निघायच्या दिवशी सकाळी भाड्याची गाडी दारात आली. गाडीचे मालक, आमचे गफारभाई, स्वतः चालवणार होते. इथून हैदराबाद आणि तिथून रात्रीचं विमान. शेवटचं एकदा पाहावं म्हणून मी निळी फाइल उघडली. तिकीट होतं. नेमणुकीचं पत्र होतं. पासपोर्ट नव्हता.

पुढचा तासभर आमच्या घरात जे झालं त्याला शोधणं म्हणत नाहीत. बॅगा रिकाम्या झाल्या. ह्यांनी फ्रिजसुद्धा पाहिला. (का, ते त्यांना अजून सांगता आलेलं नाही.) मी त्यांच्यावर ओरडले, ते माझ्यावर ओरडले, गफारभाई बाहेरून हॉर्न वाजवत राहिले. एवढ्यात महादेवाला पाणी घालून सासूबाई घरी आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

“काय हुडकायलाव?”

“पासपोर्ट!”

“त्यो घरात कसा असंल? त्यो तर पिशवीत बसून शेजारी निघाला की परवाच.”

मी धावत शेजारच्या शिवकांताकाकूंच्या दारात गेले. दाराला कुलूप! खाली त्यांचं किराणा दुकान, तेही बंद. फोन लावला. पलीकडून बायकांची गाणी, हशा, भांडी.

“काकू, आमची पिशवी कुठाय?”

“हाय की माझ्याजवळ! पोरीचं डोहाळजेवण हाय न्हवं, बिलोलीला आलेव आम्ही. चोऱ्या लई व्हायल्यात, दुसऱ्याचं प्रस्थान घरात एकटं कसं टाकावं? संगंच आणलं!”

“पिशवी बिलोलीला!” मी ओरडले. सासूबाईंचा चेहरा मात्र उजळला.

“बिलोली म्हंजे हैदराबादच्याच वाटंला! बघ, अर्ध्या रस्त्याला पोचलं बी! याला म्हणत्यात मुहूर्त.”

सासूबाईंच्या पाया पडले (त्यांनी नारळ-तांदळानं ओटी भरली, मी ती भरून घेता घेताच पळाले), आणि आम्ही निघालो. ‘येतोच आहोत, पिशवी हातात घेऊन उभ्या राहा,’ असं काकूंना तीनतीनदा बजावलं होतं. बिलोलीत पोचलो तेव्हा काकू खरंच दारात उभ्या होत्या. हातात हळदीकुंकवाचं ताट होतं.

“पिशवी?”

“आवं, जावई घेऊन गेले न्हवं नांदेडला! तुमच्या हातात द्यायला. मोटारसायकलवर.”

“आम्ही येतोय म्हणाले होते ना!”

“तुम्ही म्हणलाव हो. पर ‘पाहुण्यांना कशाला तरास’ म्हणत बसवराज उठले बी. आता जावयाला कोण अडवावं?” आणि मला कुंकू लावत म्हणाल्या, “बसा, जेवून घ्या.”

ह्यांनी बसवराजला फोन लावला. गाडी चालवताना फोन न उचलणारा मराठवाड्यातला एकमेव माणूस आमच्या नशिबी! मग मी घरी फोन केला.

“आत्याबाई, एक पोरगा पिशवी घेऊन येईल. त्याला तिथंच थांबवा!”

“आला होता की आत्ताच,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “दारातूनच परत धाडला.”

“काय!”

“काय म्हंजे? निघालेलं प्रस्थान घरात घेऊ? उंबरा वलांडू न्हाई दिला मी. म्हणलं, जा बाबा आल्या वाटंनं. पोरगं गुणाचं हाय, पाणीसुदिक न्हाई मागितलं.”

म्हणजे बसवराज परत बिलोलीला यायला निघाला होता. कुठलाही शहाणा माणूस जेवायला बसला असता आणि वाट पाहिली असती. हे म्हणालेच, “बसू या का? वांग्याची भाजी दिसतेय.” पण माझं नाव मंगल. मी कशाचीही वाट पाहत नाही.

“वाटेतच गाठू त्याला. गफारभाई, गाडी फिरवा!”

“बाई, सोच लो,” गफारभाई म्हणाले. “तो इकडं येणार, आपण तिकडं जाणार. बीच में चुकामूक हुई तो?”

“फिरवा म्हणते ना!”

बसवराजला आमच्यापैकी कुणीही कधी पाहिलेलं नव्हतं, हे मला गावाबाहेर पडल्यावर आठवलं. मग समोरून येणारी प्रत्येक मोटारसायकल आम्ही हात करून थांबवू लागलो. एक खतवाला भेटला. एक मास्तर भेटले, ते ह्यांच्या ओळखीचे निघाले आणि बदल्यांवर बोलू लागले. एकानं तर आम्ही लग्नाला निघून वाट चुकलो असं समजून मंगल कार्यालयाचा पत्ता सांगितला. घड्याळाकडे मी पाहणं सोडून दिलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नाड्या मोजल्या, त्या दिवशी स्वतःची मोजायची हिंमत झाली नाही.

शेवटी नायगावात एका हॉटेलसमोर उभ्या मोटारसायकलच्या हँडलला आमची पिशवी लोंबकळताना दिसली. सासूबाईंनी जुन्या परकराची शिवलेली, जांभळी! मालक आत भजी खात होता. मी उडी मारून पिशवीला हात घातला.

“हां हां, मावशी!” बसवराज तोंडात भजं घेऊनच धावला. “तशी न्हाई देता येणार.”

“अरे, माझी आहे ती!”

“तुमचीच हाय. पर आजीनं सांगितलंय, हैदराबादच्या दिशंला तोंड असंल तरच हातात द्यायची. तुमची गाडी नांदेडकडं तोंड करून उभी हाय.”

पोरगं खरंच गुणाचं होतं. तसूभर हललं नाही. भर रस्त्यात, दोन्ही बाजूंच्या बस थांबवून, गफारभाईंनी गाडी वळवली. मी आत बसले, तोंड हैदराबादकडे केलं, आणि खिडकीतून पिशवी घेतली. हॉटेलातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

बिलोलीवरून जाताना काकू रस्त्यावर डबा घेऊन उभ्या होत्या. वांग्याची भाजी. हे पुढचा सगळा रस्ता नुसते जेवत राहिले.

इंग्लंडात येऊन आता काही वर्षं झाली. शेजारी चांगले आहेत, पण त्यांचं दार वाजवायचं तर आधी निरोप पाठवून वेळ घ्यावी लागते. आपली पिशवी सांभाळता का, असं मी त्यांना विचारू शकत नाही. आणि विचारलंच, तर लेकीच्या डोहाळजेवणाला ती संगं घेऊन जाणारं इथं कुणी नाही. सासूबाईही आता नाहीत. असो. मी रडणारी बाई नव्हे. ड्यूटीवर जायची वेळ होते आणि विषय संपतो.

त्या दिवशी हैदराबादच्या विमानतळावर पोचले तेव्हा काउंटर बंद व्हायच्या बेतात होता. मी धापा टाकत पिशवीतून पासपोर्ट काढला. त्याच्याबरोबर हळकुंड पडलं, सुपारी घरंगळली, तांदूळ सांडले, आणि गुळाच्या खड्यामागे लागलेल्या बिलोलीच्या दोन मुंग्या काउंटरवर फिरू लागल्या. पलीकडच्या मुलीनं एकदा मुंग्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“मॅडम, हे सगळं सामान तुम्ही स्वतःच भरलंय ना? आणि भरल्यापासून पूर्ण वेळ तुमच्याजवळच होतं?”

आयुष्यभर पेशंटना “डॉक्टरांना खरं काय ते सांगा” म्हणून दटावणारी मी ताठ उभी राहिले, तिच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि म्हणाले,

“हो. क्षणभरसुद्धा नजरेआड केलं नाही!”