डोंगरातलं तळं आणि व्याह्यांची चिलापी

दुबईला निघालो तेव्हा पिशवीत दोन लुंग्या, कोकमाच्या आगळाची बाटली आणि एक पत्र्याचा डबा होता. डब्यात बायकोची गरी. आमच्याकडे मासे गरवायला काठी लागत नाही. करवंटीवर गुंडाळलेली दोरी, टोकाला गळ, आणि त्याला गुंडाळलेली तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी, एवढंच. विमानतळावरच्या शिपायाने डबा उघडला, वास घेतला, तोंड वाकडं केलं नि परत दिला. बायको फाल्गुनात गेली. व्हिसा दोघांचा यायचा होता, आला एकट्याचा.

मी चौथी शिकलेला माणूस. दिसलं ते लिहितो, वाटलं तेही लिहितो. चांगलं दिसो न दिसो.

दोन हजार साल अजून यायचं होतं. मुलगा सतीश जबल अलीला एका गोदामात सुपरवायझर. त्याच्या घरी माझ्या आधीच पुण्याहून व्याही-विहीणबाई येऊन राहिलेले. व्याही ऑफिसातून रिटायर झालेले, अंगाने गोल, बोलायला मोकळे. माणूस वाईट नाही. पण त्या घरात दिवसातून पन्नास वेळा "अहो" ऐकू यायचं. "अहो, गोळी घेतली का?" "अहो, टॉवेल." पहिले दोन दिवस मी दर वेळी वळून बघायचो.

ऑक्टोबर सरत आला, उन्हाची धार कमी झाली, तेव्हा सतीश म्हणाला, "बाबा, शुक्रवारी सुट्टी आहे. खोर फक्कानच्या मागे डोंगरात धरणाचं तळं आहे. चिलापी मिळते म्हणतात." सुनेला दवाखान्यात ड्यूटी होती. आम्ही चौघे निघालो.

वाळू संपली की डोंगर लागतात. आपल्यासारखे हिरवे नाहीत, भाजलेल्या मातीच्या रंगाचे, झाड नाही की गवत नाही. वाटेत मसाफीच्या बाजारात व्याह्यांनी चक्रीची नवी काठी घेतली. "साठ दिरहम, म्हणजे सातशे रुपये!" असं ओरडून त्यांनी दुकानदाराला हसवलं, पण घेतली. विहीणबाई म्हणाल्या, "शोभते हो तुम्हाला." मी डबा मांडीवर घट्ट धरला.

डांबर संपलं तिथे गाडी ठेवली. पुढे वादीतून (पावसापुरता वाहणाऱ्या ओढ्यातून) तासभर चालायचं. खजुराच्या बागेपाशी एक पठाण रखवालदार बसला होता.

"चाचा, मछली पकड़ने? उधर बहुत है. यल्ला, जल्दी जाओ, धूप चढ़ेगी."

वाटेत सगळे सुटे गोटे. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तो सुतळीने बांधून मी चाललो. पुढे व्याही विहीणबाईंचा हात धरून त्यांना एकेक दगड उतरवत होते. चाळीस वर्षं झाली असतील लग्नाला, आणि काय ते चाललंय! माझा जीव जळत होता. खोटं कशाला सांगू?

तळं आलं. दोन डोंगरांच्या मध्ये हिरवं, गप्प पाणी. काठावर बसलो. व्याह्यांनी काठी टाकली. शेजारी विहीणबाई खुबूस (अरबी लोकांची चपटी रोटी) मळून गोळ्या करून देत होत्या. पहिली चिलापी दहा मिनिटांत. मग दुसरी. मग तिसरी. मीही खुबूस लावून करवंटीवरची दोरी सोडली होती, ती हलेना.

"काय हो दादा," व्याही म्हणाले, "कोकणातल्या माशांना मराठी कळतं. हे अरबी दिसतायत!"

सतीश हसला. चौथी चिलापी आली तेव्हा माझा तोल सुटला.

"तुमच्या शेजारी गोळ्या मळून द्यायला माणूस आहे," मी म्हणालो. "माझं गेलं. म्हणून तुम्हाला लागतात."

व्याह्यांनी मान खाली घातली, काठी उचलली. "जरा पलीकडून बघतो," असं पुटपुटून ते लांबच्या खडकावर गेले. सतीश त्यांच्या मागे गेला.

विहीणबाई मात्र माझ्याजवळ येऊन बसल्या. डब्यातली चिंधी त्यांनी उचलली, नाकाशी नेली.

"दादा, यात हिंग आहे."

"हिंग कसला? तिच्या हाताचा वास आहे तो. फोडण्या घालून घालून लागलेला."

"फोडणीचा एवढा नाही राहत. गोळीत हिंग घालत असणार वहिनी, नि हात यालाच पुसत असणार."

मी चिंधी परत घेऊन हुंगली. तीस वर्षं आम्ही दोघं नदीवर गरवायला बसायचो. तिला मासे लागायचे, मला शेवाळ. मी चिडायचो, जागा बदलायचो, तिच्या जागेवर बसायचो, तरी तेच. कसं काय गं, विचारलं की म्हणायची, "हातगुण असतो एकेकाचा." ती चिंधी मी तिच्या वासासाठी जपली होती. आणि तो हिंग!

विहीणबाईंनी पर्समधून व्याह्यांच्या पोटासाठीची हिंगाष्टक चूर्णाची बाटली काढली. चिमूटभर खुबुसात मळलं. "यांना बोलू नका. चार धरल्यात, पुरे झाल्या."

दोरी टाकली. विडी पेटवायच्या आत असा हिसका आला की करवंटी हातातून सुटता सुटता राहिली. ओढली वर. हातभर लांब चिलापी! पाठीचा काटा बोटात घुसला, रक्त आलं, तरी सोडली नाही.

व्याही खडकांवरून धडपडत आले. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "कशी काय हो? गोळी कसली लावली?"

"हातगुण असतो एकेकाचा," मी म्हणालो. विहीणबाई डोंगराकडे बघत होत्या.

त्यानंतर मला आणखी दोन लागल्या, व्याह्यांना एक नाही. शेवटी सतीश म्हणाला, "बाबा, खलास! परत तासभर चालायचंय."

खजुराच्या बागेपाशी पठाणाने पिशवीत डोकावून पाहिलं. "चाचा, सबसे बड़ी तो आपकी!"

"फिर से बोलो," मी म्हटलं. त्याने पुन्हा मोठ्याने सांगितलं. व्याही पुढे चालायला लागले.

महिन्याभराने गावी आलो. दुसऱ्याच दिवशी कणकेत हिंग घालून नदीवर गेलो. लागले की मासे, भराभर लागले. पाच झाल्यावर दोरी गुंडाळून नुसता बसलो. शेजारचा तिचा दगड रिकामा. जळायला कोणी नाही, मग माशाचं करायचं काय?

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हिंगाचं तिने पहिल्याच वर्षी सांगितलं असतं, तर मी माझी दोरी घेऊन लांब डोहावर एकटा गेलो असतो. नाही सांगितलं, म्हणून तीस वर्षं चरफडत तिच्या शेजारी बसलो.

व्याह्यांना पत्र टाकलंय. दोघं या, महिनाभर राहा, चक्रीची काठी आणा. विहीणबाईंनी तोंड मिटून ठेवलंय, मीही हिंगाचं सांगणार नाही.