लायटीचे बूट आणि विझिटचा अर्धा तास

लायटीच्या बुटांचा खोका बगलेत मारून सॅम्युअलभाऊ फाटकाकडे परत निघाले, तेव्हा आमच्या होस्टेलच्या मुली टाळ्या वाजवत होत्या. खोटं कशाला बोलू, मीही मनातून खूश होते.

बुलढाण्यातल्या एका मिशनच्या मुलींच्या होस्टेलमध्ये मी वॉर्डन होते. आता रिटायर झाले. वॉर्डन म्हणजे मुलींचा ताप, उवा, भांडणं आणि अभ्यास हे सगळं बघणारी बाई. त्यात आमच्याकडे आणखी एक काम. रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर ख्रिस्ती शिक्षणाचा तास घ्यायचा. नुसती वचनं पाठ करून घ्यायची नाहीत, वागायचं कसं तेही शिकवायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी ट्रंक-चेकिंग घेतलं. म्हणजे प्रत्येकीची पत्र्याची पेटी उघडून बघायची, खाऊला मुंग्या लागल्या नाहीत ना, कपडे धुतलेत ना. तर पेट्यांच्या झाकणांना आतून जाहिराती चिकटवलेल्या. शाम्पू, घड्याळं, मोबाईल, चॉकलेटं. चिकटवायला डिंक कुठून आणणार, तर जेवणातली भाताची शितं वापरलेली. माझं डोकं फिरलं. मी मूळची नगरची, माझं डोकं फिरलं की सगळ्या इमारतीला कळतं.

त्याच संध्याकाळी मी फळ्यावर दोन रकाने काढले. एक गरज, एक हौस. थंडीत पांघरूण ही गरज. कार्टूनवालंच पांघरूण पाहिजे ही हौस. वस्तूंच्या मागे धावणारं मन देवाकडे वळत नाही, असं मी ठणकावून सांगितलं. मुलींना हा खेळ फारच आवडला. आठवड्याभरात त्या एकमेकींचे हेअरबँड बघून विचारायला लागल्या, "हे गरज आहे का हौस?" कोणी हौस म्हटलं की बाकीच्या "शी!" करायच्या. मी ते ऐकत होते आणि शिकवण रुजतेय म्हणून समाधान मानत होते.

मग डिसेंबरातला विझिटचा रविवार आला. महिन्यातून एकदा पालकांनी यायचं, फाटकाजवळच्या बाकावर बसून अर्धा तास मुलीला भेटायचं, असा आमचा नियम. एस्तेर चौथीत होती. तिचे वडील सॅम्युअलभाऊ मोताळ्याकडचे, तिथल्या एका जिनिंगमध्ये कामाला. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात तो कारखाना. आई घरी तान्हं बाळ घेऊन, म्हणून ते एकटेच यायचे. त्या दिवशी त्यांनी खोका उघडला. चालताना टाचेत लाल-निळे दिवे लागणारे बूट.

एस्तेरने बुटांकडे बघितलं. मग मागे उभ्या असलेल्या मुलींकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "पप्पा, हे गरज नाही, हौस आहे. वापस घेऊन जा."

टाळ्या पडल्या त्या इथे. सॅम्युअलभाऊ ओशाळवाणं हसले आणि अर्धा तास व्हायच्या आतच उठले. आमच्या चर्चचे पाळकसाहेब होस्टेलचे चेअरमन होते. ते व्हरांड्यातून हे बघत होते. मला म्हणाले, "वा बाई! शिकवावं तर असं."

दुपारी एस्तेर जेवायला आली नाही. मी वर गेले. ती पेटी उघडून बसली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला एकच चित्र होतं. लायटीचे बूट.

"हे तूच मागितले होतेस?" मी विचारलं.

"हाव. मांगच्या विझिटले."

"मग परत का दिलेस?"

"सगळ्या पाहून राह्यल्या होत्या ना." तिने पेटीचं झाकण खाली ओढलं. "मले लय पायजेत बाई. पन हौस म्हटलं तं पाप लागते ना?"

 इतकी वर्षं मुलींना शिकवलं, आणि नऊ वर्षांच्या पोरीनं माझ्या भीतीनं आपल्या बापाला चारचौघांत परत पाठवलं. मी तिला जवळ घेतलं आणि मलाच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी मोताळ्याला गेले. जिनिंगच्या गेटवर निरोप दिल्यावर सॅम्युअलभाऊ धावतच आले. केसांत, भुवयांत, कानांवर कापसाची रुई.

"पोरीले काही झालं का?"

"तिला काही नाही झालं. चूक माझी झाली, ती कबूल करायला आले."

मी सगळं सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

"नाही बाई, तुमी बरोबरच शिकोता. मीच अडानी मानूस," ते म्हणाले. हे ऐकणं त्या टाळ्यांच्या आठवणीपेक्षाही जड गेलं. मग म्हणाले, "अर्धा घंटा भेटते. 'कशी आहे?' म्हनलं तं 'बरी आहे' म्हन्ते. पुढं काय बोलाव, मले समजत नाही. मंग खाऊचा पुडा काढतो. पुडा दिला का ते हासते. ते हासली का मी गाडीत बसतो."

बूट कुठे आहेत विचारलं, तर ते अजून डब्याच्या पिशवीतच होते. त्यांचा ते घरी दाखवायचा जीव झाला नव्हता. मी म्हटलं, "पुढच्या वेळी घेऊन या. आणि तिला घालायला लावा."

परतीच्या वाटेवर मला आमचा अर्ध्या तासाचा नियम पहिल्यांदा नीट दिसला. अर्ध्या तासात बाकावर बसून माणूस दुसरं करणार काय? पुडाच काढणार. मुली वस्तू मागायच्या, कारण आम्ही भेटीत वस्तूपुरतीच जागा ठेवली होती. मी तडक पाळकसाहेबांकडे गेले.

"विझिट सकाळच्या उपासनेपासून दुपारपर्यंत ठेवा. पालकांना आत येऊ द्या, मुलींबरोबर जेवू द्या."

"बाई, शिस्त मोडेल."

"मोडली तर मी राजीनामा देते."

"आणि स्वयंपाक? एवढ्या माणसांचा?"

"पालक भाकरी बांधून आणतील. वरण आपलं."

त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "एक महिना करून बघा."

त्या संध्याकाळी मी येशूच्या मस्तकावर महागडं अत्तर ओतणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. शिष्य नासाडी नासाडी म्हणून ओरडले, पण येशूनं त्यांना तिच्यावर रागावू दिलं नाही, कारण त्या अत्तरात तिचं प्रेम होतं. एका मुलीनं विचारलं, "म्हंजे टाळ्या वाजवनारे चुकले?"

"हो. आणि टाळ्या शिकवणारी बाई सगळ्यात जास्त."

एस्तेर माझ्याकडे टक लावून बघत होती. मी तिची माफी सगळ्यांसमोर मागितली.

जानेवारीत सॅम्युअलभाऊ आले. बूट घातल्यावर एस्तेरला सगळ्या मुलींनी अंगणात चारदा चालायला लावलं. तेवढ्यानं वेळ सरेना, तेव्हा ती कंगवा घेऊन आली आणि वडिलांच्या पुढ्यात बसली. त्या माणसानं आयुष्यात वेणी घातली नव्हती. एक वेणी कानामागे, दुसरी पार डोक्यावर. मी नीट करायला हात पुढे केला, तर एस्तेरनं डोकं मागे घेतलं. "राहू द्या. पप्पानं घातल्या." सोमवारी शाळेतही ती तशीच गेली.

फेब्रुवारीपर्यंत बुटांतले दिवे विझले. बाजारातली वस्तू, किती टिकणार? सॅम्युअलभाऊंचा चेहरा पडला. "दुसरे आनू का माय?"

"बूट नको," ती कंगवा पुढे करत म्हणाली. "वेण्या घालून दे."

पेट्यांच्या झाकणांवरची चित्रं मी त्यानंतर काढायला लावली नाहीत. काही आपोआप गळली, काही राहिली. पालकांकडे जाणाऱ्या मागण्यांच्या चिठ्ठ्या मात्र आखूड होत गेल्या. पाळकसाहेबांनी वार्षिक रिपोर्टात लिहिलं, 'ख्रिस्ती शिक्षणामुळे मुलींमध्ये साधेपणा वाढला.' मी सही केली. वाढली होती विझिटची वेळ, पण तिला रिपोर्टात रकाना नव्हता.