सहावा फोन

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण हातात पेन्सिल घेऊन वाचतो. एका परिच्छेदात अमावास्या असते आणि पुढच्यात चांदणं पडलेलं असतं, अशा जागा शोधायची मला खोड आहे. सांगलीत एका हळदीच्या पेढीवर हिशेब बघण्यात माझा जन्म गेला. भूत, आत्मा, संकेत वगैरे गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि आज बसला आहे असंही मी म्हणणार नाही. तेव्हा माझा अनुभवही पेन्सिल घेऊनच वाचा. चूक सापडली तर जरूर कळवा... सापडली तर मला बरंच वाटेल.

नावं बदलली आहेत. गावं तीच आहेत.

माझे वडील, अण्णा, रहिमतपूरला धाकट्या भावाकडे राहायचे. आई आधीच गेलेली. अण्णांना आयुष्यात दोनच गोष्टींचं वेड – कुस्ती आणि माझी मुलगी प्राजक्ता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी त्यांना माझा जुना स्मार्टफोन दिला आणि त्यावर कुस्तीचे व्हिडिओ कसे लावायचे ते शिकवलं. तेव्हापासून सांगलीला आले की दारात चप्पल काढता काढता त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "नेट लाव रं आधी. पानी मागनं." मी फोनला नाव दिलं होतं 'Anna Rahimatpur'. आमच्या घरच्या वाय-फायच्या अ‍ॅपवर ते नाव दिसलं की ऑफिसात बसूनसुद्धा मला कळायचं, अण्णा घरी पोचले.

प्राजक्ताचं लग्न ठरलं. शुक्रवारचा मुहूर्त, मिरज रस्त्यावरचं एक कार्यालय. बुधवारी मी गाडी घेऊन अण्णांना आणायला जाणार होतो. तसं त्यांनी बजावलंच होतं. सोमवारी फोनवर म्हणाले, "न्यायला तूच ये. बाळूच्या गाडीत मी बसनार न्हाई, त्यो गाडी हाकत न्हाई, उडवतो. आन् काय बी झालं तरी मी येनार. पोरीचं लगीन डोळ्यांनी बघायचंय मला."

हे आमचं शेवटचं बोलणं.

बुधवारी सकाळी मी निघणार तेवढ्यात बाळूचा – धाकट्या भावाचा – फोन आला. "दादा, तू येऊ नगंस. अण्णांना ताप हाय. डॉक्टर म्हनत्यात, दोन दिवस परवास नको. शुक्रवारी मी सावकाश कार्यालयावरच घिऊन येतो." मी म्हटलं, अण्णांना दे फोन. तर म्हणाला, घसा बसलाय, झोपलेत. मी गाडीची किल्ली परत खुंटीला लावली. गुरुवारी आमच्याकडे देवक बसलं. शुक्रवारी सकाळी बाळूचा पुन्हा फोन, "ताप उतरंना. आमी न्हाई येत दादा. तुमी उरकून घ्या."

मला फार लागलं ते. पण लग्नघरात वधूपित्याला लावून घ्यायलाही सवड नसते.

आता कार्यालयातल्या नेटबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जावयाचा थोरला भाऊ परदेशात, त्याला रजा मिळाली नव्हती. त्याला लग्न लाइव्ह दाखवायचं कबूल केलं होतं. कार्यालयावर पत्र्याचं छप्पर, मोबाईलला रेंज नावालाच. वाय-फायचा डबा जळालेला. पण मॅनेजरच्या खोलीत ब्रॉडबँडची वायर येत होती. मी ती वायर माझ्या लॅपटॉपला जोडली आणि लॅपटॉपचा मोबाइल हॉटस्पॉट सुरू केला, म्हणजे लॅपटॉपचं नेट वाय-फायवरून फोनना मिळतं. नेटवर्कचं नाव नवीन, पासवर्ड नवीन, दोन्ही मी त्याच सकाळी टाकले. पासवर्ड कुणाला सांगितला नाही. वऱ्हाडातल्या पोरांना कळला असता तर रील्स बघून त्यांनी लाइव्हचा बोऱ्या वाजवला असता. पाच फोन मी स्वतःच्या हाताने जोडले – स्टँडवरचा शूटिंगचा, विहीणबाईंचा, प्राजक्ताचा, माझा, आणि माझा मेहुणा दिलीप याचा. असे जास्तीत जास्त आठ जोडता येतात; लॅपटॉपवर आठपैकी पाच उपकरणं जोडलेली दिसत होती. मी मोजली, नावं वाचली आणि खोलीला बाहेरून कडी घातली.

मुहूर्ताला थोडा अवकाश असताना लाइव्ह नीट चाललंय का बघायला आत आलो, तर आठपैकी सहा.

वाटलं, कुणीतरी पासवर्ड मिळवला. यादी उघडली. सहावं नाव 'Anna Rahimatpur'.

या सदरात अशा वेळी लोक घाबरतात, घाम फुटतो वगैरे लिहितात. मला आनंद झाला हो! अगदी लहान मुलासारखा. म्हटलं, बाळ्यानं फसवलं आपल्याला. ताप बीप काही नाही, म्हाताऱ्याला गुपचूप आणून बसवलाय कुठेतरी. आणि त्या खोलीतला हॉटस्पॉट फार तर दोन भिंती ओलांडणार, म्हणजे अण्णा इथेच, हाकेच्या अंतरावर. पासवर्डचा विचार तेव्हा मनात आलाच नाही. नंतर अण्णांना चिडवता यावं म्हणून मी तिथल्या तिथे माझ्या फोनने लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो काढला. 'कुठेही लपा, पकडलं' म्हणायचं होतं.

बायको, मंगल, शेजारच्या खोलीत ओटीचं सामान लावत होती. मी दारातूनच ओरडलो, "अगं, अण्णा आलेत!"

तिने वर बघितलं. हातातला नारळ तसाच हातात. आणि म्हणाली, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्या वेळी मला त्यात काही खटकलं नाही. नंतर मात्र ते वाक्य कितीदा तरी आठवलं. सासरे आले म्हटल्यावर बाई विचारेल, 'कुठायत?' 'कुणी सांगितलं' का विचारेल?

मी जेवणघरात बघून आलो, पार्किंग बघितलं, वरपक्षाच्या खोल्याही बघितल्या. अण्णा नाहीत. फाटकाबाहेर रेंज होती, तिथून बाळूला फोन लावला.

"काय रं, कुठं लपवलंस अण्णांना?"

"दादा? आमी रहिमतपुरातच हाय."

"मला येड्यात काढतोस व्हय? त्यांचा फोन हितं नेटला लागलाय."

पलीकडे त्याने कुठलंसं दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "दादा, त्यो फोन बंद हाय." आणि लगेच, "तू मुहूर्ताला जा. पाया पडतो तुझ्या, जा तू."

मागून दिलीप धावत आला. "आवं दाजी, अक्षता वाटून झाल्या, आन् तुमी फाटकावर काय हिंडताय? नवरीचा बाप हाय का वॉचमन?"

"दिलीप, अण्णा आलेत."

एरवी माझी टिंगल करायची एक संधी न सोडणारा हा माणूस त्या दिवशी नुसता माझा दंड धरून मला मांडवात घेऊन गेला. त्याची बोटं किती घट्ट रुतली होती ते मला आजही आठवतं.

लग्न लागलं. कन्यादान मी केलं. अक्षता पडत असताना मी सारखा मागच्या खुर्च्यांकडे बघत होतो. एकदा गुरुजींशी नजर मिळाली, ती त्यांनी खाली घातली.

पाठवणी झाली, वऱ्हाड गेलं, मांडववाले खुर्च्या रचायला लागले. मी लॅपटॉप आवरायला खोलीत गेलो. विहीणबाई गेलेल्या, प्राजक्ता गेलेली, शूटिंगवाला गेलेला. दिलीप बाहेर गाडीपाशी होता. माझ्या फोनची बॅटरी संपून तो बंद पडला होता. म्हणजे हिशेबाने शून्य दिसायला हवं होतं. तिथे आठपैकी एक होतं. अण्णा.

मंगल माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. मी म्हटलं, "हे बघ, सगळे गेले तरी अण्णा अजून आहेत. इथेच कुठेतरी असणार. आपण सोडून गेलो तर त्यांना शोधायचं कुणी?"

"अहो, बंद करा ते."

"अगं पण–"

"बंद करा! अण्णा बुधवारी पहाटे गेले." एवढं बोलून ती भिंतीला टेकून खाली बसली.

म्हणजे बाळूने 'येऊ नगंस' म्हणून फोन केला तेव्हा अण्णा घरात... आणि मी किल्ली खुंटीला लावत होतो तेव्हा रहिमतपुरात तिरडी बांधत होते. माझ्या बापाची. थोरला मी. अग्नी धाकट्याने दिला.

का, तर सुतक. मुलीच्या बापाला सुतक लागलं की लग्न पुढे गेलं, आणि पुढे गेलेलं लग्न होईलच याची खात्री कुणी द्यायची? दिलीपने गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, बातमी यजमानाच्या कानावर पडत नाही तोवर सुतक धरत नाहीत. झालं. माझ्या कानावर पडू द्यायचं नाही एवढंच काम उरलं, आणि ते सगळ्यांनी मिळून केलं. मंगलला माहीत होतं, दिलीपला, गुरुजींना, इतकंच काय, व्याह्यांनाही माहीत होतं. गुरुवारी देवक बसताना मंगल माझ्या शेजारी पाटावर बसली होती. मी तिला म्हटलं होतं, "अण्णांना बरं वाटू दे म्हणून नमस्कार कर." तिने केला. हो, केला!

प्राजक्ताला तेवढं माहीत नव्हतं. तीच एक माझ्या बाजूची.

मॅनेजर कुलूप घेऊन दारात उभा होता. मी स्क्रीनकडे बघितलं. नाव तसंच होतं. मी हॉटस्पॉट बंद केला. माझ्याच बोटाने.

रात्री रहिमतपूरला पोचलो. काय बोललो, काय ऐकलं ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी बाळूकडे अण्णांचा फोन मागितला. त्याने कपाटातून काढून दिला, अण्णांच्या पटक्यात गुंडाळलेला, बंद. बुधवारपासून तो कपाटाबाहेर काढलाच नाही म्हणाला. रहिमतपूरहून त्या दिवशी लग्नाला कुणीच आलं नव्हतं, तेव्हा कुणाच्या पिशवीतून तो सांगलीला यायचा प्रश्नच नव्हता.

मी फोन चार्ज केला. त्याच्यासारख्या जुन्या फोनना वाय-फायसाठी आकडे-अक्षरांचा एक कायमचा पत्ता असतो. तो सेटिंग्जमधून काढून मी कार्यालयात घेतलेल्या फोटोत अण्णांच्या नावापुढे दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून बघितला. जुळला. मग त्या फोनने आजवर कुठली वाय-फाय नेटवर्क वापरली ते बघितलं. एकच होतं, आमच्या घरचं. कार्यालयातल्या नेटवर्कचा मागमूस नाही.

पेढीचे कॉम्प्युटर बघणाऱ्या इंजिनिअरला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, लॅपटॉपमध्ये जुनी नोंद राहिली असेल." मी विचारलं, घरी अण्णांचा फोन राउटरला लागायचा, या लॅपटॉपला कधीच लागला नव्हता, मग जुनी नोंद आली कुठून? आणि जुनीच असेल तर सकाळी मी नावं वाचली तेव्हा का नव्हती? तो लॅपटॉप पुढे ओढत म्हणाला, "फॉरमॅट मारून देऊ का?" मी नको म्हटलं.

मंगलशी मी भांडलो नाही. ती सकाळी चहा देते, मी घेतो. प्राजक्ताचा संसार छान चाललाय, आणि तसा तो चालायला हवा होता हेही मला मान्य आहे. मंगलचं एकच म्हणणं आहे – हा निर्णय आमचा नव्हताच. अण्णांनीच जाताना बाळूला सांगितलं, थोरल्याला कळू देऊ नका, पोरीचं लगीन होऊ द्या. तिलाही ते बाळूनेच फोनवर सांगितलं. म्हणजे ऐकणारा माणूस एकच.

वर्षश्राद्धाला मी बाळूला बाजूला घेतलं आणि तो फोटो त्याच्यासमोर धरला. म्हटलं, "अण्णा खरंच तसं म्हणाले होते का रं?"

त्याने फोटो बघितला. माझ्याकडे काही बघितलं नाही. म्हणाला, "काढून टाक की दादा त्यो फोटू. कशाला ठेवलायस?"

मी तो काढलेला नाही. अधूनमधून उघडून बघतो. तो फोन त्या नेटवर्कला कसा लागला याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि आता मी ते शोधतही नाही. माझा प्रश्न वेगळाच आहे. मला कळू देऊ नका असं अण्णाच म्हणाले असतील, तर मग माझ्याच लॅपटॉपवर ते आले कशाला? आणि सगळे निघून गेल्यावरही थांबले कुणासाठी?