साबणाचा मनोरा

शिक्षणाचा पाया भक्कम असावा लागतो, असं थोर लोक सांगतात. शिळफाट्यावरच्या एका किराणा दुकानात तो साबणाचा होता. दुकानदाराची छोटी नात काउंटरवर मनोरा रचत होती. अंघोळीच्या लहान वड्या खाली, कपड्यांच्या मोठ्या वर. तो सारखा कोसळायचा. पडलेली वडी दुकानदार उचलायचा, फुंकर मारून तिच्या हातात द्यायचा.

कपड्यांचा साबण घ्यायला आलेल्या मला राहवेना. "काका, मोठ्या खाली ठेव म्हणा की तिला."

"मला ठाव हाय. तिच्या हातांना कळू दे."

शेवटी तिनं मोठ्या वड्या खाली घेतल्या. मनोरा उभा राहिला. आजोबांचा चेहरा धरण बांधल्यासारखा खुलला.

"आता कपड्यांचा साबण द्या."

"त्यो नाय मिळायचा. सगळा खाली लागलाय."

मी समोरच्या दुकानातून घेतला.