मनूमावशीची आमिश कादंबरी

इंग्रजी कादंबरी मराठीत वाचून दाखवताना नायक नायिकेच्या फार जवळ आला, की मनूमावशी खाकरायची. चष्मा सारखा करायची आणि म्हणायची, “इथे त्यांनी एकमेकांना नमस्कार केला.” काही कादंबऱ्यांत हे नमस्कार इतके असत, की ऐकणाऱ्या बायकांना वाटे, साहेबाच्या देशातली माणसं भलतीच संस्कारी. एकदा एक जोडपं चांदण्यात बराच वेळ नमस्कार करत राहिलं, तेव्हा माझी आई म्हणाली, “मनू, आता साष्टांग तरी घालू दे गं त्यांना.” मावशी रागावली आणि दोन दिवस वाचन बंद राहिलं.

मनूमावशी डोंबिवलीला आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहायची. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. तिचे वडील पोस्टमास्तर, त्यांनी हौसेने तिला इंग्रजी शिकवलेलं. आमची आई विधवा, पदरात कुमुदताई आणि मी अशा दोन मुली. दुपारी बायका गॅलरीत वाल सोलायला किंवा तांदूळ निवडायला जमत आणि मावशी वाचत असे. तिचे यजमान बापू ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. तिच्यासाठी जुनी पुस्तकं तेच आणत, पण स्वतः कादंबरी वाचणं त्यांना मान्य नव्हतं, म्हणून ते नुसतं मुखपृष्ठ पाहून निवड करत. त्यांची कसोटी एकच, बाईचं डोकं झाकलेलं हवं. या कसोटीमुळे कित्येक महिने ते रिकाम्या हातांनी परतत.

एका संध्याकाळी मात्र बापू विजयी मुद्रेनं आले. मुखपृष्ठावर गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेली, डोक्याला पांढरी टोपी बांधलेली मुलगी होती आणि मागे घोडागाडी. अमेरिकेतल्या आमिश नावाच्या ख्रिस्ती पंथाची ती प्रेमकथा होती.

“आमिष? म्हणजे मटण खाणारे का गं?” पहिल्याच दुपारी आईनं विचारलं.

“मटण खातात,” मावशी म्हणाली, “पण आमिषाला भुलत नाहीत.” या कोटीवर ती स्वतःच इतकी खूश झाली, की आठवडाभर येईल त्याला ऐकवत होती.

ते लोक घरात वीज घेत नाहीत, मोटार ठेवत नाहीत, घोडागाडीतून हिंडतात, हे ऐकून बायका बुचकळ्यात पडल्या. आमच्याकडेही कंदील होते, विहीर होती, स्टेशनाबाहेर टांगे होते. आई म्हणाली, “मग ही डोंबिवलीच की! एवढ्यासाठी अमेरिकेला कशाला जायला हवं?” पंथाबाहेरच्या साऱ्यांना ते लोक इंग्लिश म्हणतात, असं कळल्यावर भाजी विकायला येणारी हौसाबाई टोपली उतरवून म्हणाली, “आपन हाकलले ते थय गेले वाटते!”

मावशीला पुस्तक फार आवडलं. “पाच प्रकरणं झाली, अजून एक नमस्कार नाही,” ती अभिमानानं सांगायची. नायिका रिबेका, तिची तिनं रेवा केली. पंथाच्या धर्मगुरूंना ती शास्त्रीबुवा म्हणायची. रेवाचं मन एका बाहेरच्या मुलावर जडलं, तेव्हा बायकांची वाल सोलणारी बोटं मंदावली. पंथ सोडून लग्न केलं, तर तिच्याशी कोणी बोलायचं नाही, तिच्या हातचं घ्यायचं नाही, तिच्या पंगतीला बसायचं नाही. या प्रकाराला मराठी शब्द काय, म्हणून मावशी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “वाळीत टाकतात.” तो शब्द कोणालाच समजावून सांगावा लागला नाही.

आई उठून आत गेली. कारण आमच्या घरात तेच चाललं होतं. कुमुदताई ठाण्याला नोकरी करायची. तिच्या ऑफिसातल्या नारायणशी तिला लग्न करायचं होतं. मुलगा सरळ, कमावता, पण बाळकुमच्या कोळी घरातला. आईनं साऱ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, “उंबरा ओलांडलास तर तू मला मेलीस.” ताई त्याच महिन्यात नोंदणी पद्धतीनं लग्न करणार होती. दोघीही हट्टी, आणि दोघीही रात्री उशा भिजवत.

मी तेव्हा मॅट्रिकला होते. न राहवून मी त्या पुस्तकाचा शेवट चोरून वाचला. रेवा पंथासमोर गुडघे टेकून चूक कबूल करते, त्या मुलाला कायमचं विसरते आणि सगळे तिला जवळ करतात. आईला हा शेवट ऐकवला, की ताईचा मार्ग बंद, असं वाटून मला धडकी भरली.

शेवटच्या दुपारी मावशी वाचू लागली. “रेवानं लग्न केलं. वर्षानं ती नवऱ्याबरोबर टांग्यातून माहेरी आली. टळटळीत ऊन. आई दारातच उभी होती. शास्त्रीबुवांचा नियम, बोलायचं नाही. सगळे शेजारी बघताहेत.” मी थक्क झाले. यातलं अक्षरही पुस्तकात नव्हतं! आणि मावशी तिथेच थांबली.

“मंग आयशीनं काय केला?” हौसाबाईनं विचारलं.

मावशी चष्मा पुसू लागली.

“काय करणार?” आई एकदम म्हणाली. “पोरगी उन्हातून आलीय. आधी पाणी नाही का देणार?” बोलली आणि तिचा हात वालांतच थांबला. मग ती सगळ्यांदेखत रडू लागली.

रविवारी नारायण आमच्याकडे जेवायला आला. बापूंनी त्याला नियम समजावून सांगितला, “पुस्तक आणायचं तर डोकं झाकलेलं बघून आणत जा.” तो बिचारा गंभीरपणे हो म्हणाला.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या तेराव्याला आईशेजारी बसले असताना मी म्हटलं, “आई, तो शेवट खरा नव्हता गं. मावशीनं रचला होता.”

“मला सांगतेस?” आई म्हणाली. “पुस्तक तिनं केव्हाच मिटून ठेवलं होतं. माझ्याकडे बघून सांगत होती मेली. सगळ्या चाळीसमोर मी बोलून बसले होते, मागे कशी फिरणार? तिनं सगळ्या चाळीसमोरच मला वाट काढून दिली. जे छापलंय तेच वाचलं असतं ना तिनं, तर माझी कुमुद मला कायमची दुरावली असती.”